खणातले टाळ

"ताई, एवढं बघून देता का? म्हणजे मग मी निघतो."

शुक्रवार होता आणि पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. प्रणित गेडाम माझ्या खुर्चीमागे उभा होता, खांद्याला सॅक अडकवूनच. मी वळून पाहिलं नाही. समोरच्या फळ्यावर आमच्या सगळ्यांच्या कामांच्या पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत. माझ्या नावाखाली त्या दिवशी अकरा होत्या. त्याच्या नावाखाली एक, आणि तीही तो आत्ता काढून टाकणार होता.

"घाई आहे का?" मी विचारलं.

"घाई म्हणजे सोमवारी सकाळी आठला दवाखान्यात चालू होणार ना आपलं. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पुढं कसं जाणार?"

ते खरंच होतं. आमच्या कंपनीचा नियम होता, की एकानं लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यानं वाचून 'अप्रूव्ह' केल्याशिवाय पुढे जायचा नाही. हे काम एका मोठ्या दवाखान्याच्या डायलिसिस विभागाचं होतं. कोणत्या पेशंटला कोणत्या वेळी कोणता पलंग द्यायचा, हे आजवर तिथल्या बाई वहीत लिहीत. सोमवारपासून ते आमचा प्रोग्रॅम ठरवणार होता.

"मी काल जाऊन बसलो होतो तिथं, खिडकीपाशी," प्रणित सांगायला लागला. त्याला सांगायची हौस फार. "एक काका येतात ताई, शिक्रापूरहून, आठवड्यातून तीनदा, शेअर रिक्षानं. सोमवारी पहिला नंबर त्यांचा. मला म्हणतात, बाळा, तुझी मशीन मला विसरणार तर नाही ना? मी म्हटलं, काहून विसरंल काका!"

"बरं, उघडते," मी म्हणाले.

ह्या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. पण त्या स्क्रीनवरची ती जागा मला अजून दिसते. जेमतेम पाच ओळी होत्या. आधी पलंग रिकामा आहे का ते बघायचं, मग तो पेशंटच्या नावे करायचा, असं त्यानं लिहिलं होतं. वाचायला सरळ. पण दवाखान्यात खिडक्या दोन होत्या. दोन्हीकडे एकाच क्षणी बटण दाबलं गेलं, तर दोघांनाही पलंग रिकामाच दिसणार आणि एकच पलंग दोन माणसांच्या नावे होणार. मी नोकरीला लागले त्या वर्षी हुबेहूब हीच चूक केली होती, म्हणून ती मला वाचताक्षणीच दिसली.

"काही आहे का?" प्रणितनं विचारलं.

आता माझं मन सांगते. लपवून काय करू, चौदा वर्षांनी? मला त्या मुलाचा हेवा वाटत होता. वाटत होता म्हणजे खात होता. सात महिन्यांपूर्वी गडचिरोलीकडच्या वडशाहून तो आला, आणि आला तसा सुखात होता. डबा उघडला की चवीनं जेवायचा. साडेपाच वाजले की उठायचा. कॉफीच्या मशीनपाशी उभा राहून कसलीशी चाल गुणगुणायचा. ती चाल ओळखीची वाटायची, पण आठवून बघायलाही माझ्या डोक्यात जागा नव्हती. मी सकाळी आठला येत होते, रात्री अंथरुणात डोळे मिटले तरी ओळी दिसत होत्या. त्याच आठवड्यात आमचे हर्डीकर सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वसुधा, जरा शीक त्या प्रणितकडून. साडेपाचला टेबल कसं लख्ख असतं बघ!"

लोक हसले होते. मीही हसले होते.

"ताई?"

"नाही, काही नाही. चांगलं लिहिलंयस," मी म्हणाले आणि बटण दाबलं. स्क्रीनवर हिरवी खूण उमटली, 'वसुधा तांबट यांनी मंजूर केले.'

"वा! तुम्ही काहीच काढलं नाही म्हणजे मी पास झालो की," तो म्हणाला, फळ्यावरची चिठ्ठी काढून खिशात घातली आणि गेला. जिन्यावरून खाली जाताना ती चाल ऐकू येत होती.

मनाशी मी सगळं नीट बसवून टाकलं होतं. सोमवारी सकाळी गोंधळ होईल. हर्डीकर धावत माझ्याकडे येतील. मी दहा मिनिटांत दुरुस्त करीन. मग कळेल सगळ्यांना, लख्ख टेबल कशाला म्हणतात ते. हिरव्या खुणेत नाव माझंच आहे, पण ते कोण बघतंय! तो शिक्रापूरचा म्हातारा तेवढी दहा मिनिटं थांबेल, त्यात काय!

शनिवारी मी ऑफिसला गेले. अकरापैकी एक काम तरी संपवायचं होतं. संपलं नाही. एकच पान मी पाच वेळा वाचलं आणि पाचही वेळा शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरले.

रविवारी पुन्हा गेले. संध्याकाळी सहा वाजता पेन शोधायला खालचा खण उघडला, तर आत माझे टाळ.

माझे म्हणजे वडिलांचे. ते तांबट आळीत भांडी घडवायचे आणि संध्याकाळी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून दामोदरबुवा केळशीकरांच्या कीर्तनात मागे टाळ धरून उभे राहायचे. पेठेतलं रामाचं छोटं देऊळ, दर गुरुवारी आणि रविवारी कीर्तन. वडील गेले त्याच्या पुढच्या गुरुवारी बुवांनी मला हाक मारली, "अगं, रघुनाथाची जागा रिकामी ठेवतात का? ये, उभी राहा." तेव्हापासून मी नऊ वर्षं तिथे उभी होते, बुवांच्या डाव्या हाताला, खांबाशेजारी. गुरुवारी ऑफिसातून थेट जाता यावं म्हणून टाळ खणात ठेवायचे. आणि आता ह्या सात महिन्यांत एकदाही गेले नव्हते. टाळांची दोरी कागदांत अडकून गुंतली होती.

ती सोडवत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. हर्डीकर सर.

"वसुधा, रविवारी त्रास देतोय. तुझ्या त्या अकरातली तीन कामं प्रणितला देऊ का?"

"का? मी नाही म्हटलंय का कुठल्या कामाला?"

"तू कधीच म्हणत नाहीस, तीच तर पंचाईत आहे. तो स्वतः मागतोय. तिसऱ्यांदा."

माझ्या कानशिलात काहीतरी पेटलं. "नको सर. त्याला कळायचं नाही ते. मीच करते."

"अगं, पण..."

"मीच करते म्हटलं ना!"

फोन ठेवला. म्हणजे एवढ्यावर नाही भागलं त्याचं! सुखाची नोकरी मिळाली, कौतुक मिळालं, आता माझी कामंही हवीत. तशीच उठले, टाळ पर्समध्ये कोंबले, लॅपटॉपची बॅग उचलली आणि रिक्षा केली. रामापुढे जाऊन बसायचं, बुवांच्या तोंडून चार शब्द ऐकायचे, एवढंच मनात होतं. तिथे तरी हे पोरगं माझ्या आड येणार नाही.

देवळात पोचले तेव्हा पूर्वरंग संपून बुवांना हार घातला होता आणि आख्यान सुरू व्हायचं होतं. बायकांच्या बाजूला मागच्या भिंतीला टेकून बसले. धुपाचा वास, समईचा उजेड, सतरंजीचा तो ओळखीचा खरखरीत स्पर्श. डोळे भरून आले. पदर डोळ्यांना लावला आणि मग वर पाहिलं.

बुवांच्या डाव्या हाताला, खांबाशेजारी, प्रणित गेडाम उभा होता. कपाळाला बुक्का. हातात देवळातले ते जुने, कडा झिजलेले टाळ.

खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला रामाचाही राग आला. काम घेतलंस, नाव घेतलंस, आणि आता माझ्या बापाची जागा? मला इथे यायला सात महिने एक संध्याकाळ मिळाली नाही आणि ती सगळी ह्याच्याकडे होती? साडेपाचला उठून हा इथे येत होता? आणि ती चाल! ती बुवांची स्वतःची चाल होती, ह्या देवळाबाहेर कुठे ऐकू येत नाही अशी. मी ती नऊ वर्षं गायले होते. ती मला ओळखू आली नव्हती.

बुवांनी सुदाम्याचं आख्यान लावलं होतं. त्यांचं वय तेव्हा शहात्तर आणि दम्यानं छाती पोखरलेली. तरी सुदामा द्वारकेच्या दाराशी उभा राहिला तेव्हा बुवा स्वतः इतके अंग चोरून उभे राहिले, की पुढच्या रांगेतली एक आजी पुटपुटली, "अरे, आत घ्या रे कोणी त्याला!" सगळं देऊळ हसलं. मला हसू आलं नाही.

मग देवानं मित्राला आत नेलं, पलंगावर बसवलं, पाय धुतले. सुदामा पोह्यांची पुरचुंडी काखेत दडवून बसलाय. द्यायची लाज वाटतेय. बुवा वाकले, खट्याळ डोळ्यांनी त्या काखेकडे पाहिलं आणि स्वतः रचलेलं पद धरलं,

"काखेत गाठोडे कशास झाकिशी..."

आणि दम संपला. हात छातीवर गेला.

हे नवीन नव्हतं. वडिलांच्या वेळेपासून मागच्यांचं कामच ते. बुवांचा श्वास जिथे तुटेल तिथून ओळ उचलायची, अशी की समोर बसलेल्यांना तुटलेली कळूसुद्धा नये. प्रणितनं तोंड उघडलं, पण स्वर चढाच लागला. तो कचरला, पुढचे शब्द गेले. पलीकडचे पेटीवाले म्हातारे बुवांकडेच पाहत राहिले. टाळ थांबले. सगळं देऊळ त्या अर्ध्या ओळीवर लोंबकळत राहिलं.

मी ठरवून काहीच केलं नाही. भिंतीपाशी बसल्या जागेवरून माझाच आवाज मला ऐकू आला,

"सख्या मजपाशी लाजसी का..."

बुवांनी डोळे मिटले. श्वास सापडला. पद पुढे निघालं. प्रणितनं मान उंचावून इकडेतिकडे शोधलं, आणि मी दिसल्यावर त्याचा चेहरा असा काही उजळला, जणू हरवलेलं माणूस जत्रेत सापडावं. त्यानं लगेच खांबापासून एक पाऊल बाजूला घेतलं आणि रिकाम्या जागेकडे हात केला. 'या.'

मी मानेनंच नाही म्हटलं. पद आणखी तीनदा घोळलं. तिन्ही वेळा दुसरी अर्धी ओळ मला म्हणता आली नाही.

आरती झाली. लोक एकमेकांच्या पाया पडत होते. बुवा खुर्चीवर टेकले होते. मी वाकले तशी त्यांनी माझा कान धरला.

"सात महिने! बापाचं नाव घालवणार तू."

"काम होतं बुवा."

"ठाऊक आहे. हा सांगतो ना दर खेपेला," त्यांनी मागे उभ्या असलेल्या प्रणितकडे बोट केलं. "पहिल्या दिवशी मी म्हटलं, उभा राहा खांबापाशी, वसुधाच्या जागी. तर म्हणतो, ही ताईंची जागा आहे, त्या कामात आहेत, त्या येईस्तोवर धरून ठेवतो. जागा धरतो म्हणे! एसटीत रुमाल टाकतात तसा!" बुवा हसले, हसता हसता खोकले. "स्वर मात्र धरता येत नाही लेकाला."

"शिकून राहिलो बुवा," प्रणित म्हणाला.

मी त्याच्याकडे वळले. "तुला हे देऊळ कोणी सांगितलं?"

"तुम्ही!" तो चकितच झाला. "विसरलात काय? माझा पहिला आठवडा. मी जेवताना म्हटलं, इथं कोणी ओळखीचं नाही, संध्याकाळ खायला उठते. तुम्ही म्हटलं, गुरुवारी ये, मी नेते. गुरुवारी म्हणालात, आज काम आहे, तू हो पुढे. नंतर कितीदा देवळाचं सांगायला आलो, तुम्ही हूं म्हणून स्क्रीनकडंच पाहत राहिलात." त्यानं पाकीट काढलं. आतून चार घड्या घातलेली पिवळी चिठ्ठी निघाली. माझ्या अक्षरात पत्ता, देवळाकडे वळायचा बोळ, आणि खाली एक ओळ, 'बुवांना सांग, वसुधानं पाठवलंय.'

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

"म्हणून तर मी सरांच्या मागं लागलो," तो पुढे बोलतच होता. "म्हटलं, ताईंची तीन कामं मला द्या, म्हणजे गुरुवारी त्या येतील. सर म्हणतात, तीच देत नाही रे. काहून देत नाही ताई? मी एवढा ढ आहे का?"

देवळात माणसं पांगत होती. कोणीतरी सतरंजी गुंडाळत होतं. मी त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर पायरीवर आणलं.

"प्रणित, दवाखान्यात खिडक्या किती आहेत?"

"दोन. का?"

"दोन्ही खिडक्यांवर एकदम बटण दाबलं तर?"

तो हसत होता तो हळूहळू थांबला. डोळे कुठेतरी लांब गेले. तो आपल्याच ओळी मनात वाचत होता, मला कळत होतं.

"बापा रे," तो म्हणाला. "एकच पलंग दोघांना. बरं झालं ताई, तुमच्या आत्ता लक्षात..."

"आत्ता नाही. शुक्रवारीच पाहिलं होतं मी. बटण दाबायच्या आधी."

त्याला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं माझ्या हातातून आपला दंड सोडवून घेतला. जोरानं नाही.

"पाहिलं होतं? आणि तरी?"

"हो."

"माझ्यावर राग होता का कसला? माझं काय चुकलं?"

"तुझं काही चुकलं नाही. तू साडेपाचला उठायचास, ते मला बघवत नव्हतं."

हे वाक्य बोलायला मला जेवढा जोर लागला, तेवढा आयुष्यात कशालाच लागलेला नाही. देवळासमोरच्या फुलवालीनं उरलेली फुलं पाटीत भरली, पाटी उचलली, गेली. मग तो म्हणाला, "ते काका उद्या सकाळी पहिले येणार, ताई. लॅपटॉप आहे?"

होता. नेटचा डोंगलही होता. रामाच्या देवळाच्या पायरीवर बसून आम्ही ते केलं. मी जे एका दमात लिहून टाकलं असतं, ते त्याला लिहू दिलं. तो लिहीत होता, मी शेजारी बसून होते. चाळीस मिनिटांत तो कामाखेरीज एक शब्द बोलला नाही. आतून एकदा बुवांचा आवाज आला, "अरे, प्रसाद तरी घेऊन जा रे दोघं!" कोणी उठलं नाही.

"आता हे अप्रूव्ह कोण करणार?" लिहून झाल्यावर त्यानं विचारलं. माझ्याकडे न पाहता.

मी हर्डीकरांना फोन लावला. त्याच्यासमोरच. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, पेशंट थांबतील हे ठाऊक असून मी थांबवलं नाही, हेसुद्धा.

"पाठवा, मी वाचतो," एवढंच ते म्हणाले.

सोमवारी आठच्या ठोक्याला दवाखान्यात ते चालू झालं. सव्वाआठला प्रणितचा तिथून फोन आला, मला नाही, सरांना. काकांना त्यांचा पलंग मिळाला होता. दुपारी हर्डीकरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. दवाखान्याच्या कामातून मला काढलं होतं आणि सहा महिने दुसऱ्या कुणाचं काम तपासायचं नाही असं ठरलं होतं. बाहेर आले तेव्हा ते स्वतः फळ्यापुढे उभे राहून माझ्या नावाखालच्या चिठ्ठ्या उपटत होते. सहा काढल्या. पाच उरल्या. मला वाटलं होतं, त्या निघताना जीव जाईल. तो काही गेला नाही. त्या रात्री मी आठ तास झोपले.

गुरुवारी देवळात गेले. प्रणित आधीच आला होता. खांबाशेजारची जागा रिकामी सोडून एक पाऊल पलीकडे उभा होता. मी जाऊन उभी राहिले. "या ताई" म्हणाला नाही, पण हललाही नाही. असे कितीतरी गुरुवार गेले. बुवांची ओळ तुटली की आम्ही दोघं ती उचलत होतो. स्वर त्याचा हळूहळू बसत होता. ऑफिसात मात्र तो माझ्याशी कामापुरतं बोले आणि आपलं लिहिलेलं वाचायला दुसऱ्याकडे नेई. सहा महिने संपले, मला पुन्हा तपासायची मुभा मिळाली, तरी त्यानं कधी काही पाठवलं नाही. मीही मागितलं नाही. मागायचं तोंड नव्हतं.

मग पुढच्या मार्गशीर्षात, एका गुरुवारी दुपारी, माझ्या स्क्रीनवर एक खूण चमकली. प्रणित गेडाम यांनी तपासणीसाठी पाठवले आहे. खाली दोन शब्द होते, 'नीट बघा.'

मी ते तीनदा वाचलं. काम मोठं होतं, पण फार छान लिहिलं होतं, माझ्याहून छान, आणि ते कळल्यावर आत काहीतरी बारीकसं टोचलंही. तिसऱ्या वाचनात एक चूक सापडली. लहानशी. मी ती कुठे आहे आणि का आहे ते सविस्तर लिहिलं आणि पाठवलं.

पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "वाचवलं बा ताईनं!"

साडेपाच वाजले होते. मी खालचा खण उघडून टाळ काढले.